पोटाचं डायलिसिस मी का निवडलं

किडनीचा आजार आमच्याकडे माझ्या वडिलांकडून आला. पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात त्याला. दोन्ही किडन्यांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात, वर्षानुवर्षं वाढत जातात आणि मधला कामाचा भाग दाबून टाकतात. आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. आप्पांना हा आजार आहे हे कळलं तेव्हा त्यांच्या किडन्या जवळपास बंद पडल्या होत्या. साल १९९३. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या अडावदच्या आसपासच्या माणसाला तेव्हा डायलिसिस म्हणजे मुंबई, एवढंच माहीत. मानेत नळी घालून घाईघाईने डायलिसिस झालं, नळीतून जंतुसंसर्ग झाला, केळीचं एक शेत विकलं गेलं आणि आप्पा काही परत आले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं घरात कोणी डायलिसिसचं नाव काढलं की आई उठून आत जायची.

आमच्या भागात अजूनही बरेच लोक डायलिसिसपर्यंत आप्पांसारखेच पोचतात. अंगावर सूज चढल्यावर, धाप लागल्यावर, रात्री-अपरात्री जीप करून. त्या वेळी निवडायला काही शिल्लक नसतं, समोर असेल ते करावं लागतं. मला निवडायला वेळ मिळाला. त्या वेळात मी काय पाहिलं, कोणाला काय विचारलं, कुठे अडले, ते सगळं लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत असं सांगणारं कोणी सापडलं नव्हतं.

माझं निदान दुसऱ्या बाळंतपणातल्या सोनोग्राफीत झालं. त्यानंतर बरीच वर्षं मी बीपीच्या गोळ्यांवर शाळा, घर, शेतातली माणसं असं सगळं नीट सांभाळलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जळगावच्या किडनीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी पहिल्याच भेटीत बजावल्या होत्या. बीपी आवाक्यात ठेवायचं, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायची नाही. ही दुसरी गोष्ट आमच्याकडे मोठ्याने सांगण्यासारखी आहे. केळीचे घड वाहणारी, कापूस वेचणारी माणसं भर उन्हात कमी पाण्यावर काम करतात आणि संध्याकाळी कंबर धरली की डायक्लोफिनॅकची गोळी घेतात. चांगल्या किडनीलाही ते झेपत नाही, आधीच आजारी असलेल्या किडनीचं तर विचारूच नका.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची रक्तातली घाण, हळूहळू वर सरकत होतं. रिपोर्टवर त्याच्या खाली ईजीएफआर असतो, तो मी वाचायला शिकले. साधारण शंभरातली किती किडनी काम करतेय याचा अंदाज त्यावरून येतो. साठच्या खाली तिसरा टप्पा, तिसाच्या खाली चौथा, पंधराच्या खाली पाचवा. माझा आकडा बावीसवर आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आत्ता काही घाई नाही. म्हणूनच आत्ता बोलू या." आणि त्यांनी औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू घेऊन चार गोष्टी लिहिल्या. मशीनवरचं डायलिसिस, घरीच पोटातल्या नळीतून करायचं पोटाचं डायलिसिस, प्रत्यारोपण, आणि यांतलं काहीच न करता फक्त औषधांवर राहणं.

मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला अपेक्षित नव्हते. घर स्लॅबचं की पत्र्याचं? स्वतःची वेगळी खोली मिळेल का? हात धुवायला वाहतं पाणी आहे का? शाळा घरापासून किती लांब? घरात जनावरं कुठे बांधता? मला वाटलं होतं, ते रिपोर्ट बघतील आणि हे करा म्हणून सांगतील. आता कळतं, डायलिसिसची निवड रक्ताच्या रिपोर्टइतकीच माणसाच्या घरावरही अवलंबून असते.

त्यांनी मला आधी मशीनवरचं डायलिसिस बघून यायला सांगितलं. "घाबरायचंच असेल तर बघून घाबरा," म्हणाले. आम्ही विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून जळगावला गेलो. एका हॉलमध्ये ओळीने खुर्च्या आणि पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, आणि माणसं निवांत पडलेली. कोणी मोबाइलवर कीर्तन ऐकत होतं, कोणी झोपलं होतं. माझ्या डोक्यात आप्पांचं जे चित्र होतं त्याच्याशी यातलं काही जुळेना.

तिथे यावल तालुक्यातले एक शेतमजूर काका होते. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "ताई, हात लावून बघा." मनगटाच्या वर शीर चांगली फुगलेली होती. विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपाला हात लावला की लागते तशी थरथर त्या शिरेत लागत होती. हा फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने जोडतात. धमनीचं जोरातलं रक्त शिरेत येतं आणि काही आठवड्यांत शीर जाड होते, म्हणजे दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. साधारण दीड-दोन महिने तरी ती पिकायला लागतात, म्हणून फिस्टुला गरज पडायच्या आधीच करून ठेवायचा असतो. तो नसला की मग मानेतली नळी, आणि मानेतल्या नळीने आमच्या घरात काय केलं ते वर लिहिलंच आहे. फिस्टुलाच्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही. काका रोज सकाळी उठल्यावर आधी थरथर आहे ना ते बघतात, मग चूळ भरतात.

एका वेळेला चार तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. रक्त बाहेर येतं, गाळणीतून जातं, परत आत. मशीनला एका रुग्णामागे सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, हे तिथल्या टेक्निशियनने सांगितलं तेव्हा मला आमच्याकडचे टँकरचे दिवस आठवले. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जेवढं पाणी अंगात साठतं तेवढं मशीन ओढून काढतं, म्हणून पिणं मोजून. काकांना लघवी जेमतेम होते, त्यामुळे दिवसाला लहान तांब्याभर पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काय करता, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मीठ सोडलं की तहान निम्मी होते." त्यांनी पापड सोडले, लोणचं सोडलं, शेवभाजी सोडली. पापडात मीठ असतंच, वर पापडखारातही सोडियम असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

खर्चाचं विचारलं तर त्यांचं डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे होता, जळगाव-नंदुरबारला ती नंतर आली. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिस होतं. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णाला प्रवासाची सवलत मिळते. काका पहाटेच्या गाडीने निघतात आणि घरी परतेपर्यंत अंगात जीव राहत नाही. तो दिवस कामाचा धरायचाच नाही. मी त्यांना पोटाच्या डायलिसिसबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एकच खोली आहे ताई, त्यातच शेळ्या. घरी कुठे करू?" त्यांच्यासाठी मशीन हेच बरोबर होतं, आणि त्यांना ते कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

घरी आल्यावर प्रत्यारोपणाचं बोलणं निघालं. खरं तर डॉक्टरांच्या मते माझ्या वयाला तोच सगळ्यांत चांगला पर्याय होता. जमलं तर डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच नवीन किडनी बसवायची. आई लगेच म्हणाली, "मनी लई ल्या. माले आते काय करनं शे?" (माझी घ्या, मला आता काय करायचंय?) भाऊ म्हणाला, मी देतो. पण भावाची आधी सोनोग्राफी, कारण आजार घराण्यातला. त्याच्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. तो देणारा म्हणून गेला होता आणि रुग्ण होऊन बाहेर आला. त्या संध्याकाळी वहिनीला फोन करायचं माझं धाडस झालं नाही, तिनेच केला. आज तो बीपीच्या गोळ्या घेतो, दर वर्षी तपासणी करतो, आणि या सगळ्यातून त्याचं निदान एवढ्या लवकर झालं याचं मला मनापासून समाधान आहे. आईला दोन प्रकारच्या गोळ्या घेऊनही बीपी राहत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं. ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच तिला नको म्हटलं होतं.

राहिले हे. ह्यांनी मला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. हे मुद्दाम लिहितेय. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. नवरा बायकोला देतोय असं झालं की घरातली मोठी माणसं "कर्ता माणूस आहे, उद्या काही झालं तर" असं सुरू करतात. आमच्याकडेही झालं. सासूबाई घाबरल्या होत्या, आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला जुळ्या भावांत झालं. ज्या भावाने किडनी दिली तो रोनाल्ड हेरिक त्यानंतर एका किडनीवर ५६ वर्षं जगला आणि २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वयाचा होऊन गेला." त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

अडलं ते रक्तगटावर. माझा ओ, ह्यांचा बी. ओ गटाच्या माणसाला साध्या पद्धतीने फक्त ओ गटाचीच किडनी चालते. यावर दोन मार्ग निघतात. एक, रक्तातली विरोधी प्रतिद्रव्यं काढून टाकून वेगळ्या गटाची किडनी बसवणं. ते होतं, पण खर्च बराच वाढतो आणि आधीची तयारीही मोठी. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. आमच्यासारखंच न जुळणारं दुसरं जोडपं शोधायचं, त्यांच्याकडची किडनी मला आणि ह्यांची त्यांच्या माणसाला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, तिने या अदलाबदलीला जागा दिली आणि आजी-आजोबा, नातवंडं यांनाही जवळच्या नातेवाइकांत धरलं. अडचण अशी की ओ गटाचा दाता आपल्या माणसाला बहुतेक वेळा थेटच देऊ शकतो, त्यामुळे तो अदलाबदलीच्या यादीत फारसा येतच नाही. मुंबईच्या प्रत्यारोपण समन्वयक मॅडमनी हे मला कागदावर बाण काढून समजावलं आणि न लपवता सांगितलं की थांबावं लागेल.

मुंबईला जाताना रेल्वेची सवलत घेतली. किडनीच्या रुग्णाला प्रत्यारोपण किंवा डायलिसिससाठी प्रवास करताना, सोबतच्या एका माणसासकट, थर्ड एसीपर्यंत तिकिटात ७५ टक्के सूट आहे. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र भरून घ्यावं लागतं, ते घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. भुसावळच्या खिडकीवर आमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची बहीण कित्येक महिने डायलिसिसवर होती आणि त्यांना या सवलतीचं कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या पर्यायाबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून तेही सांगते. ह्यांचे मोठे काका, चौऱ्याऐंशीचे, मधुमेह जुना, हृदय कमजोर. त्यांच्याही किडन्या त्याच सुमाराला थकल्या. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्या वयात आणि या हृदयावर डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच असं नाही, आणि उरलेले दिवस मात्र जाण्या-येण्यात जातील. काका म्हणाले, मला माझ्या ओट्यावर बसू द्या. त्यांना खाजेसाठी, सुजेसाठी, धापेसाठी औषधं होती, रक्त वाढवायचं इंजेक्शन होतं, डॉक्टर फोनवर होते. त्यांच्यावर उपचार थांबले असं कोणी म्हणू नये, ते शेवटपर्यंत चालू होते. काही महिन्यांनी ते घरीच गेले. नातेवाइकांनी "तुम्ही काही केलं नाही का" असं विचारलं तेव्हा फार लागलं.

माझा आकडा बाराच्या खाली आला, सकाळी मळमळायला लागलं, तोंडाची चव गेली. तेव्हा मी पोटाचं डायलिसिस घेतलं. आपल्या पोटाच्या आत आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, तोच गाळणीचं काम करतो. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग ते काढून नवीन भरायचं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. पाण्यात साखर असते, दीड, अडीच किंवा सव्वाचार टक्के, आणि जितकी जास्त साखर तितकं अंगातलं पाणी जास्त खेचलं जातं. दिवसाला तीन-चार पिशव्या. मशीन नाही, वीज नाही, सुई नाही. माझ्या किडन्या मोठ्या झालेल्या असल्याने पोटात जागा पुरेल का, हर्निया तर नाही ना, हे आधी तपासलं. माझी लघवी अजून बऱ्यापैकी होत होती आणि पोटाच्या डायलिसिसवर ती जास्त काळ टिकते असं सांगितलं, हाही मुद्दा होता. पण खरं कारण शाळा. आठवड्यातून तीन दिवस जळगावला गेले असते तर चौथीचा वर्ग कोणावर सोडायचा?

नळी बसवल्यावर दोनेक आठवडे थांबून शिकवणी झाली. मी आणि हे दोघंही शिकलो. नर्सने मला प्लास्टिकच्या पुतळ्यावर करून दाखवायला लावलं, मग तिच्यासमोर स्वतःवर. घरी मागच्या खोलीतलं धान्याचं कोठार हलवलं, भिंती ऑइलपेंटने रंगवल्या, दाराशी बेसिन बसवलं. पिशव्यांची खोकी महिन्याची एकदम येतात आणि त्यांचा ढीग बघून पाहुणे दुकान टाकलं का म्हणून विचारतात.

एक पिशवी कशी होते ते सांगते. दार-खिडक्या बंद. पंखा बंद, कारण वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि नळी उघडी असताना एक कण आत गेला तरी पोटात जंतू जाऊ शकतात. तोंडाला मास्क. हात कोपरापर्यंत धुवायचे, स्वच्छ टॉवेलने कोरडे करायचे. पिशवीवरची तारीख, साखरेचा टक्का, पाणी स्वच्छ आहे का, गळती नाही ना, हे बघायचं. पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, रिकामी पिशवी खाली पाटावर. नळीचं तोंड जोडताना बोट कुठेही लागू द्यायचं नाही. आधी पोटातलं जुनं पाणी खाली उतरतं, त्याला पंधरा-वीस मिनिटं. मग नवीन वरून येतं, दहा मिनिटं. शेवटी आयोडीन असलेलं नवीन टोपण. उतरलेली पिशवी ताणकाट्याला लावून वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं, किती घातलं, किती निघालं. जास्त निघालं तर अंगातलं पाणी बाहेर पडतंय.

थंडीत पिशवी अंगाच्या तापमानाला आणावी लागते. मे महिन्यात उलट, कुलर लावून खोकी थंड ठेवावी लागतात. आणि दुपारची पिशवी, बाहेर लू चालू, आत पंखा बंद, मास्कमध्ये घाम, हात मात्र स्थिर हवे. पहिल्या उन्हाळ्यात मी रडले आहे. मग दुपारची पिशवी शाळा सुटल्यावर उशिरा केली, आणि खोली आधी कुलरने थंड करून मग पंखा-कुलर बंद करायचं ठरवलं. आता होतं.

खाण्याची गोष्ट आमच्या केळीच्या मुलखात मजेशीर घडली. डायलिसिसच्या आधी पोटॅशियम वाढत होतं, म्हणून केळं बंद, शहाळं बंद, भाज्या चिरून पाण्यात ठेवून, उकडून, ते पाणी फेकून मग फोडणीला. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही बंद, कारण त्यात पोटॅशियम असतं. दारात केळीचे ट्रक भरताहेत आणि मी लांबून बघतेय. पोटाचं डायलिसिस सुरू झाल्यावर काही महिन्यांतच पोटॅशियम खाली गेलं, तेव्हा आहारतज्ज्ञ म्हणाल्या, रोज एक केळं खा. मशीनवाल्या रुग्णांनी हे वाचून केळं खाऊ नये, त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा असतो. प्रत्येकाने आपला रिपोर्ट बघूनच खावं.

दुसरं म्हणजे प्रथिनं. आधी मोजून कमी होती. पोटाच्या पाण्याबरोबर रोज प्रथिनं वाहून जातात, म्हणून आता जास्त हवीत. अंड्याचा पांढरा भाग खा म्हणाले. आमच्या सासूबाई माळकरी, घरात अंडं कधी आलं नव्हतं. मी गप्प बसले होते. एका बाजारच्या दिवशी त्यांनीच चोपड्याहून वेगळी कढई आणली, मागच्या ओट्यावर चूल मांडून दिली आणि म्हणाल्या, "औषध आहे ते, औषधाला विटाळ नाही." भरीत-भाकरी चालते, मीठ अगदी बेताचं. कळण्याची भाकरी मात्र उडदामुळे जपून, फॉस्फरस वाढतं म्हणून.

एकदा पोटात जंतुसंसर्ग झाला. सकाळी उतरलेली पिशवी गढूळ दिसली. आम्हाला शिकवलं होतं, पिशवीखाली छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसेनात. पोट दुखत होतं, कणकण होती. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन देऊ लागले, पण ह्यांनी ती पिशवी तशीच पिशवीत गुंडाळून गाडी थेट जळगावला घेतली. पाण्याची तपासणी झाली, पेशी वाढलेल्या निघाल्या, अँटिबायोटिक पिशवीतूनच पोटात गेलं, तीन आठवडे. नळी वाचली. संसर्ग कशाने झाला ते कळलं नाही. ज्यांना पोटाचं डायलिसिस घ्यायचंय त्यांनी हे धरूनच चालावं, आणि गढूळ पिशवी कधीही फेकू नये, ती बरोबर न्यावी.

पैशाचंही सांगते. महात्मा फुले योजनेत मशीनचं डायलिसिस नीट बसतं. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा पूर्वी अडीच लाख होती, ती २०२३ च्या निर्णयाने साडेचार लाख झाली. राष्ट्रीय कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसचा समावेश करण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली, पण माझ्या पिशव्या मी आजवर पगारातून घेतल्या आहेत. माझा पगार आहे म्हणून हे जमलं. जिच्या घरी चांगली खोली आहे, हात स्वच्छ आहेत, पण पगार नाही, तिने जळगावच्या चकरा का माराव्यात? खान्देशातल्या पाड्यांवरून, सातपुड्याच्या पायथ्यापासून मशीनपर्यंत जायला अर्धा दिवस लागतो. पिशवी सरकारने घरपोच दिली तर सगळ्यांत जास्त उपयोग तिथेच होईल, हे मला फार आतून वाटतं.

आता माझं नाव मरणोत्तर दात्याची किडनी मिळावी म्हणून थांबलेल्यांच्या यादीतही आहे. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय केंद्रं आहेत, आणि नाव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच लागतं. डायलिसिसवर काढलेला काळ यादीतल्या गुणांत धरला जातो. २०२३ पासून वयाची ६५ ची अट आणि त्याच राज्यातलं असण्याची अट काढून टाकली आहे. अदलाबदलीच्या यादीतही आमचं जोडपं आहे. डावा हात मी राखून ठेवलाय, पुढे कधी फिस्टुला लागला तर शिरा चांगल्या हव्यात, म्हणून रक्त नेहमी उजव्या हाताच्या पंजावरून देते आणि लॅबमधल्या नवीन मुलाला दर वेळी बजावते. हेपटायटिस बीच्या लसीही पूर्ण झाल्या.

मुलगी अठरा पूर्ण झाली आणि तिने स्वतःहून सोनोग्राफीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी आजार नाहीच असं ठाम सांगता येत नाही, तोवर दर वर्षी बीपी बघा. तपासणी कधी करायची ते तिने ठरवायचं, आम्ही तिच्यावर सोडलंय. धाकट्याचं बीपी मीच मोजते.

पुढच्या महिन्यात माझी पेट टेस्ट आहे. पोटाचा पडदा किती वेगाने काम करतो ते त्यात कळतं. पडदा वेगवान निघाला तर दिवसाच्या पिशव्या कमी करून रात्री झोपेत यंत्राने करायचं, असा विचार आहे. त्या यंत्राला मात्र रात्रभर वीज लागते. आमच्या फीडरवर भरवसा नाही, म्हणून ह्यांनी चोपड्याच्या इन्व्हर्टरवाल्याकडून किती बॅटऱ्या लागतील त्याचा अंदाज आणून ठेवलाय.